पाकिटावरचा पत्ता

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले आणि टपालाचा घोळ सुरू झाला. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे. नावं इतकी सारखी, की सेगावची पत्रं शेगावला जाऊन पडत. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. एका जाळ्यात दोन ठिकाणांना एकच पत्ता चालत नाही, हे आज नेटवर्कचं काम करणारा कुणीही सांगेल.

पण पत्ता फक्त पोस्टमन वाचत नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला तारा अडवण्याचा, तर १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याने टपाल अडवण्याचा अधिकार दिला होता. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका जिथे भरत, त्या वर्ध्याकडे सरकारचं लक्ष असणारच.

पाळत दोन प्रकारची असते. एक, पाकीट फोडून मजकूर वाचायचा. दुसरी, पाकीट न फोडता कुणी, कुणाला, कधी लिहिलं एवढंच टिपायचं. इंटरनेटवरही तेच. तुमचा मेसेज छोट्या पॅकेटांत विभागून जातो आणि प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. मजकूर एन्क्रिप्ट केला तरी हा पत्ता उघडाच राहतो, नाहीतर पॅकेट पोहोचणार कसं? रोज रात्री दोनला कोणता फोन कोणत्या सर्व्हरशी बोलतो, एवढ्यावरूनही माणसाबद्दल बरंच कळतं.

१९४२ चा उन्हाळा बघा. मे महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी अलाहाबादच्या काँग्रेस कार्यालयावर छापा घालून बैठकीचे कागद नेले. १४ जुलैला वर्ध्यात कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव केला. तीनच दिवसांनी, १७ जुलैला, केंद्र सरकारचे सचिव फ्रेडरिक पकल यांनी प्रांतांना गुप्त परिपत्रक पाठवलं: या ठरावाविरुद्ध लोकमत कसं तयार करायचं. ते परिपत्रक गांधीजींच्या हाती लागलं आणि त्यांनी ते प्रसिद्ध करून टाकलं. सरकारनेही जप्त केलेले कागद ऑगस्टच्या सुरुवातीला प्रसिद्ध केले. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत अटका झाल्या.

गांधीजींना लपवाछपवी मान्य नव्हती. पण उघडेपणा परवडायला तेवढं मोठं नाव लागतं. भूमिगत कार्यकर्त्याला ते नव्हतं. आजच्या पत्रकाराला माहिती देणाऱ्या कारकुनालाही नाही.

इंग्रज गेले, दोन्ही कायदे राहिले. फोन टॅपिंगवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात बंधनं घातली. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६९ ब कलम आलं. सायबर सुरक्षेसाठी संगणकांमधल्या वाहतुकीची नोंद घेण्याचा अधिकार त्यात आहे. २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये जुन्या दोन्ही कायद्यांच्या जागी नवे मंजूर झाले. अडवण्याचा अधिकार त्यांतही आहे.

नेटवर्कवर नजर ठेवणं मुळात वाईट नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर 'नेटस्टॅट' ही कमांड द्या. मशीन या क्षणी कुणाकुणाशी जोडलेलं आहे, त्याची यादी समोर येते. मालवेअर गुपचूप बाहेर बोलत असेल, तर ते अशा यादीतूनच सापडतं. बँकेचा, हॉस्पिटलचा सर्व्हर याच पहाऱ्यावर सुरक्षित राहतो.

प्रश्न पहारेकऱ्यावर कोण लक्ष ठेवतो, हा आहे. फोन अडवण्याचा आदेश गृहसचिव देतात आणि तो तपासणाऱ्या समितीतही सचिवच असतात. न्यायाधीश नसतो. १९९६ मध्ये न्यायालयापुढे आधी न्यायालयीन परवानगी घेण्याची मागणी आली होती. ती मान्य झाली नाही. पाकीट कागदाचं होतं तेव्हाही परवानगी अधिकाऱ्याकडूनच मिळे. त्या परवानगीवर न्यायाधीशाची सही असावी, ही मागणी आपण पुन्हा करायला हवी.