गृहीतागमा ते प्रदेयागमा

परीक्षेचे दिवस जवळ आले की आमच्या प्रभादेवीत ते कॅलेंडर न पाहता कळते. सिद्धिविनायकाच्या रांगेत कोवळे चेहरे वाढतात. कुणाच्या हातात जास्वंद, कुणाच्या हातात प्रवेशपत्र, तर कुणी नवे पेन देवाच्या पायाशी लावून घ्यावे म्हणून पुजाऱ्यांची विनवणी करीत असतो. त्या रांगेकडे मी जरा हेव्यानेच पाहतो. १९८२ च्या संपात माझ्या वडिलांचा गिरणीतला साचा थांबला तो कायमचाच. त्याची झळ पुढे माझ्या शिक्षणाला लागली आणि मी मॅट्रिकवर थांबलो. दिवसा एका लहानशा शाळेत धाकट्या मुलांना शिकवावे आणि रात्री कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा क्रम.

यंदा उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शेजारच्याच चाळीतली, आता एम. एड. करीत होती.

"सर, चार सत्रांचे पेपर झाले, प्रबंधही बांधून झाला. आता आठ दिवसांनी तोंडी परीक्षा. सगळ्यावर विचारतील म्हणतात. सगळ्यावर म्हणजे कशावर, तेच कळत नाही."

"अगं, मॅट्रिक झालेल्या माणसाला एम. एड.चे काय विचारतेस?" असे म्हणून मी हसून वेळ मारून नेली खरी; पण तो 'सगळ्यावर' शब्द डोक्यातून जाईना. माणसाने वर्षानुवर्षे घेतलेली विद्या एका बैठकीत कशी जोखायची? आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. तो कसकसा सोडवला गेला ते वाचकांपुढे थोडक्यात ठेवतो.

मिथिलेच्या न्यायशास्त्राच्या पंडितांची 'शलाका परीक्षा' प्रसिद्ध आहे. पोथीत सळई खुपसायची. तिचे टोक ज्या पानावर थांबेल त्या पानाचा अर्थ विद्यार्थ्याने उभ्या उभ्या लावायचा. कोणते पान निघेल ते गुरूलाही ठाऊक नाही! 'सगळ्यावर' विचारण्याची याहून सरळ रीत कोणती? इकडे पुण्यात पेशवे श्रावणात दक्षिणा वाटीत, तेव्हा शास्त्रीपंडितांची विद्वत्ता पारखूनच त्यांची दक्षिणा ठरे. पेशवाई गेली, पण दक्षिणा उरली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ती अगदीच बंद पडू दिली नाही, आणि १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली.

एल्फिन्स्टन म्हटले की आम्हा प्रभादेवीकरांना आमचे स्टेशन आठवते. २०१८ सालापर्यंत त्याला एल्फिन्स्टन रोड म्हणत. पण तो एल्फिन्स्टन हा नव्हे. तो त्याचा पुतण्या, लॉर्ड एल्फिन्स्टन. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा हा पुतण्या मुंबईचा गव्हर्नर होता, आणि म्हणून विद्यापीठाचा पहिला कुलपतीही.

हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढलेले. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ मुले बसली आणि २२ उतरली. आमची मॅट्रिक त्या काळी काय चीज होती ते यावरून कळावे! त्या बाविसांतले महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे १८६२ साली पहिले बी. ए. झाले. रानडे १८६४ साली एम. ए. झाले. वाचून वाचून त्यांचे डोळे कायमचे अधू झाले, ही त्या परीक्षांची एक किंमत.

मात्र यात एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. पेशव्यांच्या दक्षिणेच्या त्या पैशातून पुढे 'दक्षिणा फेलो' नेमले जात, आणि रानडे व भांडारकर दोघेही असे फेलो होते. दोघांनीही पुढे शिकवले. रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात, तर भांडारकर हायस्कुलाचे हेडमास्तर होऊन रत्नागिरीस गेले. श्रावणातली दक्षिणा अशी मुलांच्या वर्गापर्यंत पोचली.

युरोपातही एम. ए. चा मूळ अर्थ हाच. मध्ययुगात पॅरिससारख्या ठिकाणी 'मास्टर' म्हणजे शिकवण्याचा परवाना मिळालेला माणूस. त्याने सर्वांसमक्ष व्याख्यान द्यायचे, वाद करायचा, मग त्याला गुरूंच्या पंक्तीत पाट मिळे. 'मास्टर' आणि आपला 'मास्तर' हे एकाच घरचे! पुढे छापील प्रश्नपत्रिका आल्या, आणि परवाना राहिला बाजूला, नावापुढची अक्षरे तेवढी उरली.

हा अर्थ मराठीत पुन्हा जागा केला तो एका मास्तरानेच. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढले. ठाकरसींच्या देणगीनंतर त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. त्या विद्यापीठाने पदव्यांना स्वतःची नावे दिली. बी. ए. च्या तोडीची 'गृहीतागमा', म्हणजे जिने विद्या घेतली आहे ती. आणि एम. ए. च्या तोडीची 'प्रदेयागमा', म्हणजे जिच्यापाशी देण्याजोगी विद्या आहे ती. पुढे बी. ए., एम. ए. हीच नावे तिथेही रूढ झाली. पण साऱ्या पदव्युत्तर परीक्षांचे मर्म त्या दोन शब्दांत आले आहे असे मला वाटते. पहिल्या पदवीला विचारायचे, काय घेतलेस? दुसरीला विचारायचे, काय देशील?

शिक्षकांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे. १९०६ साली मुंबईत माध्यमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले, आणि १९३६ साली मुंबई विद्यापीठाने एम. एड. सुरू केली, ती देशातली पहिली. आता हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि त्यात प्रबंध लिहावाच लागतो. एकेकाळी एम. ए. ला दोन वर्षांच्या शेवटी आठही पेपर ओळीने द्यावे लागत. हल्ली सत्रासत्राला थोडे थोडे देऊन मोकळे होता येते. ओझे हलके झाले. पण सगळे एकत्र जुळवण्याची वेळ येते ती तोंडी परीक्षेतच.

अमेरिकेत आपले डॉ. आंबेडकर १९१५ साली कोलंबियात एम. ए. झाले ते प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून. तिथल्या अनेक विद्यापीठांत शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंधाऐवजी शेवटी एक सर्वंकष परीक्षा देता येते. प्रश्न एका पुस्तकावरचा नसतो. एखाद्या वर्गातली अडचण मांडतात आणि म्हणतात, शिकलात ते सारे वापरून तोड काढा. दोन-तीन अध्यापक उत्तर तपासतात. चुकलाच तर बहुधा आणखी एक संधी मिळते. म्हणजे सळई तीच, पोथी तेवढी निराळी.

एवढे मनाशी जुळले तेव्हा मी त्या मुलीला निरोप धाडला, "शनिवारी माझ्या उन्हाळी वर्गावर एक तास घे."

ती आली. विषय अपूर्णांकांचा. फळा सुरेख सजवला, भाषा नेटकी. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "बाई, चार हे दोनापेक्षा मोठे ना? मग एक चतुर्थांश हा एक द्वितीयांशापेक्षा लहान कसा?"

ती थबकली. क्षणभर मला वाटले, आता 'संकल्पना' वगैरे शब्द येणार. पण तिने खडू खाली ठेवला, वहीचे एक पान फाडले आणि त्या पोराच्याच हाती दिले. "घाल घडी. आता आणखी एक. वाटण्या वाढल्या की वाटा कसा होतो, सांग."

पोराने घड्या मोजल्या आणि ओशाळून हसला.

आठवड्याने ती पेढे घेऊन आली. तोंडी परीक्षेत काय काय विचारले ते तिने सांगितले. त्यातले निम्मे मला कळले नाही. निघताना म्हणाली, "सर, शनिवारचा प्रश्न जास्त अवघड होता."

मी पुडा घेऊन वर्गात गेलो आणि पहिला पेढा मागच्या बाकावर दिला.