टंकबिघाड (विंडोज ९५ व ९८)

विंडोज ९५ व ९८ या प्रणालींवर चालणाऱ्या संगणकांत टंकाची, म्हणजे फॉन्टची, फाइल दूषित झाली की तिची वर्दी कित्येकदा मजकुराआधी खिडकीच्या कोपऱ्यातील बटणेच देतात: खिडकी मिटविण्याच्या रेघेजागी ०, विस्तारण्याच्या चौकटीजागी १ आणि बंद करण्याच्या फुलीजागी रोमन लिपीतील लहान ‘आर’ दिसू लागतो. कारण ही बटणे चित्रे नसून ‘मार्लेट’ नामक टंकातील अक्षरे होत, आणि तो टंक हाती न लागल्यास प्रणाली त्याच संकेतांकांची अक्षरे दुसऱ्या टंकातून उसनी आणते.

दोष पुष्कळदा मूळ फाइलीत नसून टंकांची जंत्री साठविणाऱ्या ‘टीटीएफकॅश’ या दडविलेल्या फाइलीत असतो. सबब संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती काढून टाकावी, म्हणजे पुढच्या खेपेस प्रणाली ती नव्याने रचते. एवढ्याने गुण न आल्यास मार्लेटची फाइल मूळ सीडीवरून पुन्हा उतरवून घ्यावी. मराठी कचेऱ्यांत रोमन संकेतांकांवर देवनागरी बसविलेले टंक वापरात होते, तेथे टंक बिघडताच अख्खा मजकूर रोमन अक्षरांचा निरर्थक खच होऊन बसे. दस्तऐवज मात्र शाबूत असे, आणि घाबरलेल्या कारकुनाला हे पटविणे दुरुस्तीहून कठीण जाई.