कठिन चीवर : एका दिवसाच्या श्रमाचा इतिहास

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि तेथून कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना चीवरमास म्हणून ओळखला जातो. या महिन्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील विहारांतून कठिन चीवरदानाचे कार्यक्रम होतात. उपासक-उपासिका मोठ्या श्रद्धेने भिक्खुसंघाला चीवर अर्पण करतात. हे चीवर बहुधा बाजारातून तयार आणलेले, घडी घालून पिशवीत ठेवलेले असते. त्यात विनयाचा भंग होत नाही, कारण गृहस्थाने दिलेले वस्त्र स्वीकारण्याची अनुज्ञा जीवकाच्या विनंतीवरून स्वतः भगवंतांनी दिली होती. परंतु 'कठिन' म्हणजे काय, असे विचारल्यास 'जे करण्यास अवघड ते दान' एवढेच उत्तर पुष्कळदा मिळते. विनयपिटकात मात्र हा शब्द चीवर शिवताना कापड ताणून बांधण्याच्या चौकटीसाठी येतो. एका कारागिरीच्या साधनाचे नाव एका संघकर्माला मिळाले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. चीवर हाताने तयार करण्याची ती प्राचीन रीत कोणती होती, आपल्या भूमीशी तिचा काय संबंध होता आणि ती आज पुन्हा आचरणात आणण्यात काही अर्थ आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विनयपिटकातील कार्यशाळा

महावग्गातील चीवरक्खन्धक आणि चुल्लवग्गातील खुद्दकवत्थुक्खन्धक ही प्रकरणे केवळ नियमांची यादी म्हणून वाचली जातात. वस्तुतः त्यांत प्राचीन भारतातील वस्त्रविद्येची विलक्षण बारीक नोंद आहे. चीवरासाठी सहा प्रकारची वस्त्रे ग्राह्य ठरविली आहेत : खोम म्हणजे जवसाच्या तंतूचे, कप्पासिक म्हणजे सुती, कोसेय्य म्हणजे रेशमी, कंबल म्हणजे लोकरीचे, साण म्हणजे तागाचे आणि भंग म्हणजे भांगेच्या तंतूचे किंवा मिश्र धाग्याचे. रंगही सहा प्रकारचे आहेत. मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासून ते काढावयाचे.

रंगविण्याची कृती तर आजच्या रंगाऱ्यालाही उपयोगी पडावी इतकी नेमकी आहे. रंग कच्चा राहिला तर वस्त्राला दुर्गंधी येते, म्हणून तो उकळावा. तो पुरेसा शिजला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकून पाहावा. रंगविलेले वस्त्र दोरीवर वाळत घालताना रंग एकाच बाजूला उतरतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा उलटावे, आणि थेंब गळणे थांबेपर्यंत तेथून निघून जाऊ नये. ज्याने स्वतः रंगाचे हात केले आहेत, त्यालाच हा शेवटचा नियम सुचू शकतो.

शिवणाच्या साधनांविषयीही असाच तपशील आहे. सुया हरवू लागल्या तेव्हा सुईची नळी आली. नळीतही सुया गंजू लागल्या तेव्हा तिच्यात कोरडे चूर्ण भरण्याची अनुज्ञा मिळाली. बोटांना सुया टोचू लागल्या तेव्हा 'पटिग्गह', म्हणजे आजच्या शिंप्याचे अंगुस्तान, आले. टाके वाकडे पडू लागले तेव्हा खूण करण्यासाठी दोरा वापरण्याची अनुज्ञा मिळाली. अडचण प्रथम आली आणि नियम मागाहून झाला, हा विनयाचा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

चीवराच्या रचनेचा प्रसंग तर प्रसिद्धच आहे. दक्खिणागिरीकडे जाताना भगवंतांनी मगधातील शेते पाहिली, बांधांनी चौकोनी विभागलेली आणि ओळीने मांडलेली. तसे चीवर करता येईल काय, असे त्यांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने ते करून दाखविले. मोठा तुकडा तो मंडल, लहान तुकडा तो अड्ढमंडल, त्यांच्यामधली लांब पट्टी ती कुसि आणि आखूड पट्टी ती अड्ढकुसि. म्हणजे शेताच्या वाफ्यांप्रमाणे तुकडे आणि बांधांप्रमाणे पट्ट्या. कापडाचे तुकडे केल्याने त्याचे बाजारमूल्य जाते आणि चोराला त्याचा मोह राहत नाही, हे व्यावहारिक कारणही तेथेच नमूद आहे. आपल्या अंगावरील वस्त्राचा नमुना राजप्रासादाऐवजी शेतकऱ्याच्या शेतावरून घेणारा हा संघ होता.

सर्वांच्या हातांचे काम

कठिनक्खन्धकाचा आरंभ पावा येथील तीस भिक्खूंच्या कथेने होतो. श्रावस्तीला पोहोचण्यापूर्वीच वर्षावास लागल्याने ते साकेत येथे थांबले आणि वर्षावास संपताच चिखल तुडवीत, भिजलेल्या चीवरांनी भगवंतांच्या भेटीस आले. त्यांची अवस्था पाहून कठिनाची अनुज्ञा मिळाली. त्याची मुख्य अट अशी की पाच किंवा अधिक खंडांचे चीवर त्याच दिवशी कापून, जोडून पूर्ण झाले पाहिजे. अरुणोदय झाला तर कठिन सिद्ध होत नाही. एका माणसाकडून हे काम एका दिवसात होणे कठीण. म्हणून सर्व संघाला हात लावावा लागतो. आपण स्थविर आहोत किंवा बहुश्रुत आहोत, असे सांगून कोणी या कामातून सुटू नये, असे अट्ठकथाकार बजावतात.

धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध थेरांच्या चीवराची कथा येते. ते चीवर शिवावयास भगवंत भिक्खूंसह स्वतः आले. आरंभी महाकस्सप बसले, मध्ये सारिपुत्त आणि शेवटी आनंद. भिक्खूंनी दोरा वळला, महामोग्गल्लान लागेल ते आणून देत होते आणि भगवान बुद्ध सुईत दोरा ओवीत होते. या बैठकीत ब्राह्मण कुळातील महाकस्सप आणि सारिपुत्त होते, तसेच शाक्य कुळातील आनंदही होते. ज्या समाजात शिवणे-विणणे हे हलके काम मानले जात होते, त्या समाजातील हे चित्र आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

ते काम हलके मानले जात होते याचा पुरावा विनयातच आहे. पाचित्तियातील निंदाविषयक नियमाच्या स्पष्टीकरणात लोक ज्या शिल्पांना हीन समजत त्यांची नोंद आहे : बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चांभारकाम आणि न्हावीकाम. पण ही नोंद कशासाठी आहे? भिक्खूने दुसऱ्या भिक्खूला त्याच्या जातीवरून वा शिल्पावरून हिणवले तर तो अपराध होतो, हे सांगण्यासाठी. हीनतेची ही कल्पना समाजाची होती आणि संघाने ती दंडनीय ठरविली.

सूत कातणे आणि विणणे ही कामे मात्र गृहस्थांकडे राहिली. भिक्खुणींना सूतकताई निषिद्ध होती. पण महाप्रजापती गोतमीने स्वतः कातलेल्या आणि स्वतः विणलेल्या वस्त्रांची जोडी भगवंतांपुढे ठेवली तेव्हा ती संघाला देण्यास त्यांनी सांगितले, हे मज्झिमनिकायातील दक्खिणाविभंगसुत्त आपल्याला सांगते. म्हणजे दानात केवळ वस्तू येत नाही, तिच्यामागील श्रमही येतो, आणि तो श्रम एका व्यक्तीपाशी न थांबता संघापर्यंत पोहोचतो.

नाशिक, कान्हेरी आणि कल्याण

हा सर्व इतिहास मगधापुरता राहिला नाही. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरावयाची ठेव, गोवर्धन येथील श्रेणींत ठेवली. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. बारा गुणिले वीस म्हणजे बरोबर २४०. हा हिशेब करणारे आणि पिढ्यानुपिढ्या पाळण्याची हमी देणारे लोक विणकर होते. राजाचा जावई आपली ठेव विणकरांच्या हाती विश्वासाने ठेवतो, ही त्या काळच्या महाराष्ट्रातील विणकरांची प्रतिष्ठा होय.

कान्हेरीच्या लेखांतही चीवरासाठी दिलेल्या ठेवी वारंवार येतात आणि तेथील दात्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची व कारागिरांची नावे आहेत. ज्या उल्हासनगरची वस्ती कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांमुळे उभी राहिली आणि ज्याला १९४९ साली हे नाव मिळाले, ते याच प्राचीन बंदराच्या वेशीवर आहे. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने कल्याणहून निर्यात होणाऱ्या मालात कापडाचा उल्लेख केला आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारकालीन आहे आणि तेथील लेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा. त्याच शिलाहार घराण्यातील पुल्लशक्तीच्या काळात, शके ७६५ (इ.स. ८४३) मध्ये, कान्हेरीच्या विहाराला द्रम्मांचे दान मिळाले. त्यात विहाराची दुरुस्ती, भिक्खूंची चीवरे आणि ग्रंथ यांसाठी वेगवेगळी तरतूद होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत गौड देशातून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने तेथे शंभर द्रम्मांची ठेव दिली. म्हणजे मध्ययुगातही कोकणात चीवराची परंपरा जिवंत होती.

तुटलेला धागा

पुढे विहार ओसाड पडले. विणणारे हात राहिले, प्रतिष्ठा गेली. विदर्भ-नागपूर भागात जाडेभरडे कापड विणणाऱ्यांत महार मोठ्या संख्येने होते. मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हा अस्पृश्य कामगारांना सूतखात्यात काम मिळे, परंतु अधिक वेतनाच्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. कारण असे की धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या ओठाचा धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खात्यातील हक्काची मागणी लावून धरली. ज्या भूमीत विणकर श्रेणी संघाच्या ठेवी सांभाळत, त्याच भूमीत माणसाच्या ओठामुळे धागा बाटत होता. चीवराचा इतिहास लिहिताना हे पान वगळता येणार नाही.

पुन्हा आचरण : कशासाठी?

जुनी वस्त्रकला पुन्हा हाताने करून पाहण्याची प्रथा आज जगात अनेक ठिकाणी आहे. अमेरिकेतील बर्कले येथे १९६६ साली सुरू झालेल्या 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम' या संस्थेचे सभासद मध्ययुगीन युरोपची वेशभूषा धारण करतात, टकळीवर सूत काततात, मागावर विणतात आणि वनस्पतींचे रंग काढतात. ग्रंथात न सापडणारे ज्ञान हाताने सापडते, हा त्यातील ग्राह्य भाग आहे. परंतु त्यांच्या खेळात राजे आणि सरदारही असतात, आणि भूतकाळाची अशी आरास आपल्याला परवडणारी नाही.

बौद्ध जगात हे आचरण उत्सवापेक्षा अधिक काही आहे. ब्रह्मदेशात कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास श्वेडगोन पॅगोड्यात स्त्रिया रात्रभर माग चालवून पहाटेपूर्वी चीवर पूर्ण करतात. थायलंड व लाओसमध्ये कापूस वेचण्यापासून शिवण्यापर्यंत सर्व काम एका दिवसात करण्याची 'चुल कठिन' ही प्रथा आहे. चितगाव टेकड्यांतील रांगामाटी येथील राजबन विहारात चकमा उपासिका चोवीस तासांत सूत कातून, रंगवून, कमरेला बांधलेल्या मागावर विणून चीवर अर्पण करतात. ही रीत तेथे १९७०च्या दशकात साधनानंद महास्थविर (बनभंते) यांच्या प्रेरणेने रूढ झाली आणि ती विशाखेच्या नावाने ओळखली जाते. एका अल्पसंख्य बौद्ध समाजाने आपली ओळख त्या मागावर टिकवून धरली आहे.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक रास्त शंका येईल. चरखा आणि हातमाग यांकडे परत चला, असे सांगणाऱ्या विचाराचा बाबासाहेबांनी १९४५च्या आपल्या ग्रंथात समाचार घेतला होता. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हे त्यांचे प्रतिपादन आजही अबाधित आहे. मग आपण पुन्हा सुई-दोरा का धरावा? याचे उत्तर कठिनाच्या नियमातच आहे. कठिन हा कोणाचा पिढीजात धंदा नाही. ते एका दिवसाचे काम आहे, ते सर्वांनी करावयाचे आहे आणि त्यातून कोणी ज्येष्ठतेच्या नावाखाली सुटत नाही. जन्माने लादलेले श्रम आणि स्वेच्छेने वाटून घेतलेले श्रम यांतील भेद ज्याला कळला, त्याला कठिन आणि बलुते यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या परिसराला तर या आचरणाची विशेष पात्रता आहे. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसणारे हात कष्टकरी वस्त्यांतून येतात. त्यांच्या कौशल्याची गणना नगांवर होते, सन्मानाने होत नाही. दुसरीकडे, अंबरनाथच्या मंदिराजवळून उल्हासनगरकडे वाहणाऱ्या वालधुनी नदीत रंगाचे व रसायनांचे पाणी मिसळत आले आणि तो प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. थेंब गळणे थांबेपर्यंत वस्त्रापासून हलू नका, असे सांगणारा विनय वाचताना आपल्या रंगाचे पाणी शेवटी कोठे जाते, हा प्रश्न टाळता येत नाही.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. येत्या चीवरमासात प्रत्येक विहाराने निदान एक चीवर अशा रीतीने सिद्ध करावे. पांढरे सुती कापड उपासकांनी आणावे. फणसाच्या खोडाचा गाभा कोकणात मिळतो आणि थेरवादी देशांत तो चीवराच्या रंगासाठी पूर्वापार वापरला जातो. तो आदल्या दिवशी उकळून ठेवावा. पहाटे कापड संघाला अर्पण करावे. पूजनीय भिक्खूंनी मंडल-अड्ढमंडलाचे माप घेऊन ते कापावे व शिवावे, आणि ज्या भगिनी वर्षभर कारखान्यात शिलाई करतात त्यांनी त्या दिवशी इतरांना टाका शिकवावा. विहाराच्या पदाधिकाऱ्यांनी, प्राध्यापकांनी आणि प्रस्तुत लेखकासारख्या केवळ ग्रंथांतून विनय वाचणाऱ्यांनी त्यांच्याकडून तो शिकावा. सूर्यास्तापूर्वी चीवर पूर्ण व्हावे. टाके वाकडे पडतील, रंग एकसारखा बसणार नाही. अशाच अडचणींतून विनयाचे नियम घडले आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात शुभ्र वस्त्रे नेसून जो जनसमुदाय उभा राहिला, त्याने वस्त्राचा अर्थच बदलून टाकला. पांढरे वस्त्र हे उपासकाचे वस्त्र आणि काषाय हे संघाचे. या दोहोंना जोडणारा धागा आपण स्वतः ओवावयाचा आहे. भगवंतांनी अनुरुद्धाच्या चीवरासाठी सुई हातात घेतली होती. मग आपल्यापैकी कोणालाही ती घेण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.