यूंडे

यूंडे : जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यातील गटिंगेन जिल्ह्याची एक छोटी ग्रामपालिका. लोकसंख्या सुमारे १,०००. गटिंगेन या विद्यापीठनगरीच्या नैर्ऋत्येस, शेती व वनश्री यांनी व्यापलेल्या उंचसखल प्रदेशात वसलेल्या या ग्रामपालिकेत यूंडे व बार्लिसेन या दोन गावांचा समावेश होतो. ड्रान्सफेल्ट येथे मुख्य कचेरी असलेल्या पाच ग्रामपालिकांच्या संयुक्त संघात ती मोडते व तिच्या कारभाराचा बराचसा भाग तेथूनच चालतो. हा मुलूख पूर्वी हानोव्हर राज्याच्या अमलाखाली होता. १८६६ मध्ये तो प्रशियाकडे गेला आणि १९४६ मध्ये नवनिर्मित लोअर सॅक्सनीत अंतर्भूत झाला. नजीकच्या होअर हागेन या बेसॉल्टच्या टेकडीस भूमापनाच्या इतिहासात विशेष स्थान आहे. कारण हानोव्हरच्या सर्वेक्षणात गणितज्ञ कार्ल फ्रीड्रिख गाउस याने ब्रोकेन व इन्सेल्सबेर्क या शिखरांशी तिला जोडून आपला सुविख्यात महात्रिकोण मोजला.

यूंडेची आधुनिक कीर्ती मात्र ‘जैवऊर्जाग्राम’ म्हणून आहे. गटिंगेन विद्यापीठातील अभ्यासकांनी परिसरातील अनेक गावांतून या गावाची निवड केली, ती येथील रहिवाशांची एकत्र येण्याची तयारी पाहूनच. आणि ग्रामस्थांनीही सहकारी संस्था स्थापून, स्वतःचे भांडवल घालून, २००५ मध्ये हा प्रकल्प सिद्धीस नेला. शेतकऱ्यांकडून आलेले गुरांचे द्रवरूप शेण व मुरविलेली हिरवी वैरण हवाबंद टाकीत कुजवून निर्माण होणाऱ्या जैववायूवर इंजिन चालते. त्यापासून मिळणारी वीज सार्वजनिक जाळ्यात जाते, आणि इंजिनाची जी उष्णता एरवी वाया गेली असती, तिने तापविलेले पाणी भूमिगत नळांतून घरोघर खेळविले जाते. कडाक्याच्या थंडीत वाढणारी गरज आसपासच्या रानातील लाकडाच्या तुकड्यांवर चालणारी भट्टी भागविते. टाकीत उरलेला गाळ खत म्हणून पुन्हा शेतांत पडतो, आणि अशा रीतीने मातीचे सत्त्व मातीस परत मिळते.

गावातील बहुसंख्य घरे या उष्णताजाळ्यास जोडली गेली, व गावाच्या वापराहून कितीतरी अधिक वीज येथे निर्माण होऊ लागली. एका खेड्याने परस्परविश्वासाच्या बळावर आपली ऊर्जा आपणच निर्माण केल्याचा हा वस्तुपाठ जर्मनीत अन्यत्रही गिरविला गेला. शेजारच्या बार्लिसेननेही पुढे तोच मार्ग धरला. जर्मनीतील पहिले जैवऊर्जाग्राम हा मान यूंडेकडे जातो.