परतवाडा : रानवाटा आणि मुक्काम

परतवाडा : अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यातील शहर. अमरावतीच्या वायव्येस सुमारे ५० किमी., अचलपूरला अगदी लागून. दोन्हींची नगरपरिषद एकच. वऱ्हाडातले काळ्या मातीचे सपाट शिवार इथे संपते आणि उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग उभी राहते. चिखलदरा, सेमाडोह–धारणी आणि बैतूलकडचे रस्ते येथून फुटतात. मेळघाटच्या सागवानाची ही जुनी बाजारपेठ. रानात शिरणाऱ्याने शिधा घ्यावा तोही इथेच.

इंग्रजी अमदानीत येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. तिच्या अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यासाठी चिखलदरा जवळ केले. वर जाण्याच्या वाटा दोन. धामणगाव गढी–मोथामार्गे जवळची पण चढाची, ती घोडेस्वारांची; घटांगवरून लांबची पण सोपी, ती गाड्यांची. आजचे डांबरी रस्तेही याच दोन दिशांनी चढतात. मोथ्याची वस्ती गवळ्यांची. गुरांमागे हिंडणाऱ्या या लोकांच्या आणि कोरकू आदिवासींच्या पायांनी डोंगरातल्या बहुतेक वाटा पडल्या, हे नोंदवायलाच हवे. नकाशे पुष्कळ नंतर झाले.

या वाटांची सर्वांत कठीण परीक्षा डिसेंबर १८०३ मध्ये, दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात झाली. गाविलगड किल्ला दक्षिणेकडून चढून घेणे अवघड, म्हणून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने कर्नल स्टीव्हन्सनची फौज धामणगावावरून डोंगरांना वळसा घालून किल्ल्याच्या उत्तर अंगाला पाठवली. जड तोफांजोगा रस्ताच नव्हता. सैनिकांनी तो फोडत, घळी ओलांडत, तोफा हातांनी ओढून नेल्या आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. चिखलदऱ्याहून गडावर पायी जाणाऱ्याने उत्तरेकडची तटबंदी सावकाश पाहावी. तो वळसा का घ्यावा लागला ते तिथे उभे राहिल्यावरच कळते.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. देशात पहिल्या तुकडीत निवडलेल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक. तेव्हापासून रानवाटांचा वापर बदलला आहे. गाभा क्षेत्रात मनाला येईल तिथे पायी हिंडता येत नाही, तंबू ठोकता येत नाही. वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. वाघ, अस्वल आणि रानगवा यांच्या मुलखात हे बंधन रास्तच आहे. वनरक्षक व वनमजूर मात्र जाळरेषा आणि पाणवठ्यांच्या वाटा रोज पायी तुडवतात. हे रान राखले जाते ते त्यांच्या चालण्यामुळे. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे पुनर्वसनात बाहेर गेली. बाहेरच्या माणसाने इथे कोरकू वाटाड्या सोबत घ्यावा. पाऊल कुणाचे, फळ कुठले, पाणी किती दूर, हे त्याच्याइतके कुणाला सांगता येणार नाही, आणि त्या ज्ञानाचा मोबदला त्याच्याच घरी जायला हवा.

मुक्कामाच्या ठरलेल्या जागा थोड्या आहेत. धारणी रस्त्यावरील सेमाडोह येथे वनविभागाचे पर्यटक संकुल आहे. तेथून सुमारे १४ किमी.वर सिपना नदीच्या वळणावर कोलकासचे विश्रामगृह. नरनाळा किल्ल्याकडे जायचे असल्यास पायथ्याचे शहानूर सोयीचे. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणांवर बसून प्राणी पाहण्याचा ‘निसर्गानुभव’ उपक्रम होतो. नावनोंदणी आधी करावी लागते.

वऱ्हाडी माणसाचा स्वतःचा तळ मात्र वेगळाच. परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्यावर डोंगराच्या पायथ्याशी बहिरमबुवाची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि जानेवारीभर चालते. पूर्वी लोक बैलगाड्या जोडून येत, राहुट्या ठोकत आणि दिवसचे दिवस तिथेच राहत. हंडीतले मटण आणि रोडगे ही या यात्रेची खूण. त्याच भागात, मध्य प्रदेशाच्या हद्दीत, धबधब्याशेजारी मुक्तागिरीची जैन मंदिरे असून तिथे पायऱ्यांनी चढून जातात.

पायी चालण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपासून साग निष्पर्ण होतो, सावली उरत नाही आणि वणव्याची भीती वाढते; या दिवसांत रानात विडी-काडी किंवा चूल पेटवू नये. पावसाळ्यात नाले अचानक भरतात, त्यामुळे आतल्या कच्च्या वाटा टाळाव्यात; चिखलदऱ्याचे भीमकुंड आणि पंचबोल पॉइंट मात्र याच दिवसांत पाहावेत.