विज्ञान शिकणाऱ्यांची शिष्यवृत्ती : प्रस्तावना

बारावीचा निकाल लागला की जालन्यात घरोघरी दोनच गोष्टी विचारल्या जातात. नीटला किती पडले आणि सीईटीला किती पर्सेंटाइल आले? दोन्हींत सांगण्यासारखं काही नसेल, तर त्या मुलाला ‘बीएस्सीला टाकतात’. इथल्या मस्तगड किल्ल्याच्या आसपासच्या गल्ल्यांत हा शब्द मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकला, की तो ऐकताना अजूनही पोटात तुटतं. ‘टाकला’ म्हणजे आता याच्या शिक्षणावर फार खर्च करण्यात अर्थ नाही, असा निवाडाच असतो तो. पण अशा मुलामुलींमध्ये बोर्डात उत्तम गुण मिळवलेली कितीतरी असतात. भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र शिकणाऱ्या अशा मुलांसाठी केंद्र सरकारची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे आणि डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेल्यांना ती मिळत नाही. त्या घरात हे बहुधा कोणालाच ठाऊक नसतं. हे पुस्तक त्या घरासाठी आहे.

शिष्यवृत्तीची माहिती घरातून घरात जाते, असा माझा अनुभव आहे. ज्या घरात आत्याने कधीकाळी फॉर्म भरला होता, तिथे भाचीला तारीख माहीत असते, कोणता दाखला आधी काढायचा हे माहीत असतं, कॉलेजात कोणाच्या टेबलाशी जायचं हेही माहीत असतं. आत्या शिकलेली नसेल, तर हुशारी असूनही भाचीला हे सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं, आणि शोधून होईपर्यंत मुदत गेलेली असते. पुढची पानं म्हणजे अशी आत्या नसलेल्यांना मिळालेली एक आत्या आहे, असं समजून वाचावीत.

‘शिष्यवृत्ती’ या शब्दातल्या वृत्तीचा अर्थ उपजीविका. जोशीपणाची वृत्ती, उपाध्येपणाची वृत्ती असं जुन्या कागदांत येतं, त्यातलीच ही. शिकणाऱ्याचं पोट कोणी भरायचं, हा प्रश्न आपल्या समाजाने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या तऱ्हेने सोडवला. माधुकरी होती. वार लावून जेवणं होतं, सोमवारी या घरी तर मंगळवारी त्या घरी. पेशवाईत पुण्याला श्रावणात दक्षिणा वाटली जाई. ती प्रथा मुळात तळेगावच्या दाभाड्यांची, पुढे पेशव्यांनी चालवलेली. तिचा लाभ ब्राह्मणांपुरता होता, हेही इथे स्पष्ट लिहिलं पाहिजे. इंग्रजी अंमल आल्यावर या निधीतून १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेचा पैसा उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यावरून शहरात मोठा वाद पेटला. पुढे कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. आज राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावर उच्च शिक्षण विभागाच्या योजनांची यादी उघडली, तर तिच्यात ‘दक्षिणा अधिछात्र’ हे नाव अजून दिसतं. ते दिसलं की मी क्षणभर थांबतो. नाव तेच राहिलं, पण पैसा कोणाला मिळायचा, हे भांडून बदलून घ्यावं लागलं.

या भांडणातला विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कागद १९४२ सालचा आहे. बाबासाहेब आंबेडकर स्वतः सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले होते. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वाचावा असा आहे. त्यांचा मुद्दा असा, की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाची फारशी प्रगती होणार नाही, विज्ञान-तंत्रज्ञानाचं वरचं शिक्षण हवं. ते महाग असतं, परवडत नाही म्हणूनच आईबाप मुलांना कला-कायद्याकडे पाठवतात, आणि सरकारने हात दिला नाही तर हे दार आपल्या मुलांना कधीच उघडणार नाही. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज कॉलेजात मुलं ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’चा जो फॉर्म भरतात, तो तिचाच. पोटाला चिमटा घेऊन शिकणारं मूल कमी खर्चाच्या शाखेकडे ढकललं जातं, हे बाबासाहेबांचं निदान आजही तंतोतंत लागू पडतं. प्रॅक्टिकलची फी, जर्नल, ॲप्रन, आणि दिवसभर प्रयोगशाळेत थांबायचं असल्यामुळे हुकणारी अर्धवेळ नोकरी, हा हिशेब बीए-बीकॉमच्या घरात येत नाही.

मराठवाड्याला आणखी एक मागासलेपण वारशाने मिळालं. मस्तगड निजामुल्मुल्क असफजाहच्या हुकमाने काबिलखानाने १७२५ मध्ये बांधला, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामी राज्यातच राहिलं. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथलं शिक्षणाचं माध्यम उर्दू. म्हणजे इथल्या मराठी मुलाला विज्ञानाची पदवी हवी असेल, तर मनमाड-हैदराबाद मार्गावरची गाडी धरायची, परमुलखात राहायचं आणि भौतिकशास्त्र उर्दूतून शिकायचं. औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय, म्हणजे आजचं मिलिंद, १९५० मध्ये निघालं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये. तोपर्यंत मुंबई विद्यापीठाला १०० वर्षं होऊन गेली होती. आपल्याकडे आत्या कमी आहेत, त्याचं कारण या तारखांत आहे. मुलांच्या बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही.

आता चित्र बदललं आहे, आणि ते जालन्यात बसून दिसतं. गोव्यातल्या माशेलहून आलेले शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर आईच्या कष्टांवर गिरगावात शिकले. मॅट्रिकनंतर त्यांना सर दोराबजी टाटा ट्रस्टकडून महिना ६० रुपये मिळू लागले, आणि त्यावर ते मुंबईच्या यूडीसीटीतून केमिकल इंजिनिअर झाले. पुढे सीएसआयआरचे महासंचालक झालेल्या या माणसाने त्या ६० रुपयांचा उल्लेख वारंवार केला आहे. त्या यूडीसीटीचं आजचं नाव आयसीटी, आणि तिचा मराठवाडा परिसर २०१८ पासून आपल्या जालन्यात आहे. आपल्या मुलांना तो रोज दिसावा, त्यात जावंसं वाटावं, असं मला फार वाटतं.

पुस्तकात योजना सविस्तर आल्या आहेत, इथे फक्त ठळक वाटा दाखवतो. मूलभूत विज्ञानासाठी पहिलं नाव ‘इन्स्पायर’चं. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये ती सुरू केली. आपल्या बोर्डाच्या बारावीत वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञानात बीएस्सी किंवा एकात्मिक एमएस्सीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपये हातात आणि २०,००० रुपये उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी, असे जास्तीत जास्त पाच वर्षं. विषयांची यादी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावी. भूगर्भशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानवशास्त्रसुद्धा तिच्यात आहे, पण बायोटेक्नॉलॉजी आणि कम्प्युटर सायन्स नाही. बियाण्यांच्या या शहरातल्या मुलांनी हेही ध्यानात ठेवावं, की बीजतंत्रज्ञानही तिच्यात बसत नाही. प्रवेशाच्या रांगेत ‘बायोटेक केमिस्ट्रीपेक्षा भारी’ असं कोणी सांगितलं म्हणून शेवटच्या क्षणी विषय बदलणाऱ्यांनी ही यादी आधी पाहिली पाहिजे. आपल्या आवडीचा विषय यादीत नसेल तरी तोच घ्यावा, फक्त काय सोडतो आहोत हे माहीत असून घ्यावा.

दुसरी वाट केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीची. बोर्डातल्या वरच्या २० टक्क्यांत असलेल्या, कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी. पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये, पदव्युत्तरला २०,०००. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यांतल्या निम्म्या मुलींना, आणि विज्ञान, वाणिज्य, कला यांचं प्रमाण ३:२:१. रक्कम लहान वाटते, पण इन्स्पायरच्या एक टक्क्यात न बसणाऱ्या हजारो मुलांना ही मिळू शकते, म्हणून मी तिच्यावर जास्त भर देतो. तिसरी वाट राज्याची, म्हणजे महाडीबीटीची. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना तिथेच आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही तिथेच. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण खात्याची स्वाधार योजना आहे. पुण्याला शिकायला जाणाऱ्यांनी १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी उभी केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती विसरू नये. खेड्यातल्या मुलाला पुण्यात फीपेक्षा राहण्याजेवणाचाच घोर मोठा असतो.

काही नावं आता केवळ इतिहासात उरली आहेत. विज्ञानाच्या गुणवत्ता शोधासाठी १९६३ मध्ये सुरू झालेली परीक्षा पुढे एनटीएस म्हणून ओळखली गेली. ती २०२१ नंतर थांबलेली आहे. १९९९ पासूनची केव्हीपीवाय ही शिष्यवृत्ती २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली. जुन्या मार्गदर्शकांत ती नावं अजून छापलेली असतात आणि मुलं वर्षभर त्यांची तयारी करत बसतात. आठवीची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा मात्र चालू आहे. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. विज्ञानाच्या शिष्यवृत्तीचा शोध खरा तिथून, आठवीच्या वर्गातून सुरू करायचा असतो.

एक गोष्ट जवळून दाखवतो. माझी एक विद्यार्थिनी, रसायनशास्त्राची, अर्ज मंजूर होऊन सात महिने पैशांची वाट पाहत होती. रोज मोबाइल उघडायची, पानावर ‘रक्कम जमा’ असं दिसायचं, आणि तिच्या पासबुकात एक रुपया नाही. कॉलेज म्हणे बँकेत जा, बँक म्हणे कॉलेजात जा. शेवटी तिचं आधार कोणत्या खात्याला जोडलं आहे ते तपासलं. सहावीत असताना गावच्या बँकेत शाळेने उघडून दिलेलं झिरो बॅलन्सचं खातं निघालं. ते खातं आहे हेच ती विसरली होती, पासबुक धान्याच्या कोठीमागे सापडलं. सरकारी शिष्यवृत्ती फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जाते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात थेट लाभाचा पैसा आधारला शेवटी ज्या बँकेचं खातं जोडलेलं असतं, तिथे जातो. त्या सात महिन्यांत तिने एक सत्र जवळजवळ सोडलं होतं. असंच नावाचं. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, आधारवर बहुधा शेवटी, आणि त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातवैधता, नॉन-क्रिमिलेयर यांना लागणारे दिवस वेगळेच. म्हणून या पुस्तकात योजनांच्या आधी कागदांचं प्रकरण घातलं आहे, आणि ते अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत वाचावं अशी माझी विनंती आहे.

उन्हाळ्याबद्दलही थोडं सांगायला हवं. शिष्यवृत्ती म्हणजे फीची भरपाई, एवढाच अर्थ आपल्याकडे रुळला आहे. विज्ञानात तिचा दुसरा अर्थ असतो, प्रयोगशाळेत प्रवेश. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायचं, राहण्याखाण्यासाठी भत्ता मिळतो. इन्स्पायरचे २०,००० रुपये अशाच प्रकल्पासाठी असतात. जालन्याच्या कॉलेजातून गेलेली मुलगी आयसर पुण्याच्या प्रयोगशाळेत आठ आठवडे काम करून परत येते तेव्हा तिचे प्रश्न बदललेले असतात, हे मी समोर बसून पाहिलं आहे. पैशांपेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते.

खासगी न्यासांचं प्रकरण लहान ठेवलं आहे, कारण त्यांच्या अटी दरवर्षी बदलतात. तरी त्यांची परंपरा जुनी आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या दोन्ही विद्यार्थी स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या एक कृष्णाबाई केळवकर. एक सावधगिरी मात्र कायमची. अर्जासाठी, ‘प्रोसेसिंग’साठी, निवड पक्की करण्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर तिथून उठून यावं.

रकमा आणि उत्पन्नमर्यादा शासननिर्णयागणिक बदलतात, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या त्या संकेतस्थळावरचा चालू वर्षाचा मजकूर वाचावा. शिक्षकांना विनंती, की वर्गात मुदतीची तारीख फळ्यावर लिहून ठेवावी, पुसू नये. आणि तुम्हाला शिष्यवृत्ती मिळाली, तर या पुस्तकाची प्रत कपाटात ठेवू नका. तुमच्या गल्लीत अकरावी सायन्सला असलेली एखादी मुलगी असेल. तिच्या घरी जा, तिच्या आईसमोर बसा आणि फॉर्मची तारीख तोंडी सांगून या.