परसातली कोंबडी आजारी पडली तर : घरगुती उपाय कुठे चालतात आणि कुठे नाही

सकाळी खुराड्याचे दार उघडले की कोंबड्या धावत बाहेर येतात. एखादी मात्र कोपऱ्यात पिसे फुलवून, मान आखडून, डोळे अर्धवट मिटून बसलेली असते. दाणे टाकले तरी उठत नाही. हे चित्र दिसते तेव्हा आजार बहुधा त्या दिवशी सुरू झालेला नसतो. कोंबडी हा शिकार होणारा पक्षी आहे. कळपात अशक्त दिसणे धोक्याचे असल्याने ती अगदी सोसेनासे होईपर्यंत दुखणे लपवते. म्हणूनच 'काल तर चांगली होती' हे वाक्य कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येक घरात ऐकू येते.

त्यानंतर स्वयंपाकघरातली हळद, लसूण, कडुलिंबाचा पाला बाहेर निघतो. यातले काही उपयोगी पडते, काही निरुपद्रवी असते आणि काही उपायांनी कोंबडी आजारापेक्षा लवकर मरते.

आधी ती खरेच आजारी आहे का, ते पाहावे. खुडूक बसलेली कोंबडीही पिसे फुलवते, कमी खाते, जागची हलत नाही. पण ती अंड्यांवर किंवा रिकाम्या खुराड्यात ठाण मांडते, हात नेला की गुरगुरते आणि टोचते. तिचा तुरा थोडा फिका पडतो, दिवसातून एकदा उठून ती एकच मोठी, उग्र वासाची शीट टाकते. हा आजार नाही. २१ दिवस अंडी उबवण्याची ती तयारी असते. वर्षातून एकदा पिसे गळतात आणि त्या काळात अंडी बंद होतात, तोही आजार नव्हे. आजारी कोंबडी हातात घेतली तर विरोध करत नाही. तुरा निळसर किंवा पांढरट दिसतो, छातीचे हाड हाताला धारदार लागते, शेपटीखालची पिसे विष्ठेने बरबटलेली असतात.

पहिला उपाय : वेगळी जागा, ऊब आणि पाणी

कोणतेही औषध देण्याआधी तिला इतरांपासून वेगळे करावे. याची कारणे दोन. रोग संसर्गजन्य असेल तर पसरू नये, आणि बाकीच्या कोंबड्यांनी तिला टोचू नये. अशक्त कोंबडीला कळप दया दाखवत नाही. खाली कोरडे गवत किंवा भाताचे तूस टाकलेले डालगे किंवा पुठ्ठ्याचे मोठे खोके पुरते.

कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सियस असते. खाणे थांबले की हे तापमान टिकवणे तिला जड जाते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, भिजलेली आजारी कोंबडी रोगापेक्षा गारठ्यानेच जाते. खोक्याच्या एका बाजूला, पिसांना आणि गवताला लागणार नाही असा ४० किंवा ६० वॅटचा साधा पिवळा दिवा लावावा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे गरम झाल्यास तिला सरकता येते. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही.

विदर्भात मे महिन्यात परिस्थिती उलटी असते. चोच उघडी ठेवून, पंख पसरून धापा टाकणाऱ्या कोंबडीला ऊब नव्हे, सावली हवी. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिचे पाय थोडा वेळ साध्या पाण्यात धरावेत, तुऱ्यावर पाण्याचा हात फिरवावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पाण्यासाठी माणसांच्या ओआरएसची १ लिटरची पुडी २ लिटर पाण्यात मिसळून एक-दोन दिवस द्यावी. घरात पुडी नसेल तर पाण्यात थोडा गूळ विरघळवला तरी चालतो. मीठ अंदाजाने घालू नये. जास्त मिठाने कोंबडीला विषबाधा होते. ती स्वतः पीत नसेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा. चोच उघडून घशात पाणी ओतण्याची पद्धत सर्वत्र दिसते आणि तीच सर्वांत घातक आहे. श्वासनलिकेचे तोंड कोंबडीच्या जिभेच्या अगदी मुळाशी असते. ओतलेले पाणी किंवा काढा थेट फुप्फुसात जातो.

खायला मऊ भात, भिजवलेली कणी, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून द्यावा. एवढ्यावर बऱ्याच किरकोळ दुखण्यांतून कोंबडी सावरते. श्रेय मग हळदीला जाते, ते सोडा.

घरचा उपाय जिथे खरेच लागू पडतो

जखम हे पहिले उदाहरण. कुत्र्याने किंवा मुंगसाने धरलेली कोंबडी सुटली तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात २ लहान चमचे मीठ घालून जखम धुवावी. मग खोबरेल तेलात कालवलेली हळद लावावी. हळदीचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. लाल रंग दिसला की इतर कोंबड्या तिथेच टोचत राहतात, हळद तो रंग झाकते. माश्या बसून जखमेत किडे पडू नयेत म्हणून कडेने कडुलिंबाचे तेल लावतात. जखम खोल असेल, आतला भाग दिसत असेल तर टाके लागतात.

उवांसाठी राख हा जुना आणि चांगला उपाय आहे. शेपटीखाली, पिसांच्या मुळाशी उवा आणि त्यांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके दिसतात. लाकडाची किंवा गोवरीची पूर्ण थंड, कोरडी, चाळलेली राख आणि कोरडी माती एका खोलगट जागी टाकून ठेवली की कोंबड्या त्यात लोळून अंग साफ करतात. अंड्यांतून नव्या उवा निघतात, म्हणून हा खड्डा कायम ठेवावा. लाल किडीचे मात्र वेगळे आहे. ती दिवसा खुराड्याच्या फटीत लपते आणि रात्री रक्त पिते. त्यामुळे नुसती कोंबडी साफ करून भागत नाही. खुराडे रिकामे करून, फटी खरवडून चुना मारावा लागतो.

पायांवरचे खवले उचलले जाऊन खडबडीत पांढरे दिसू लागले तर तीही सूक्ष्म कीड असते. पाय कोमट पाण्यात भिजवून, जुन्या टूथब्रशने हलके घासून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन काही आठवडे नियमित लावले की कीड गुदमरून मरते. गावाकडे यावर रॉकेल लावतात. त्याने कातडी भाजते. ते टाळावे.

अंडे अडकणे ही खरी आणीबाणी. कोंबडी शेपटी खाली करून, उभट होऊन उभी राहते, कळा देते, शेपूट वरखाली होते. तिला १५-२० मिनिटे पोटापर्यंत कोमट पाण्यात बसवावे, गुदद्वाराला तेल लावावे, मग उबदार अंधाऱ्या खोक्यात ठेवावे. अनेकदा तासाभरात अंडे पडते. पोट दाबून अंडे बाहेर काढायला जाऊ नये. ते आत फुटले तर कवचाने इजा होते आणि जंतुसंसर्ग होतो. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ते रोजच्या खाण्यातून मिळाले नाही की हा त्रास होऊ शकतो. भाजून बारीक केलेली अंड्याची टरफले किंवा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. कोकणात तरी शिंपले विकत आणायला नकोत.

जिथे काढा चालत नाही

देवीच्या रोगात तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरतात. हा विषाणू डासांमार्फत पसरतो. खपल्या खरवडू नयेत, हळद-तेल लावून मऊ ठेवाव्यात. सौम्य प्रकारात २ ते ४ आठवड्यांत त्या गळतात. घशात पांढरे चट्टे आले तर मात्र कोंबडी गुदमरू शकते. या देवी माणसाला होत नाहीत आणि मुलांच्या कांजिण्यांशीही त्यांचा संबंध नाही.

पिल्ले ३ ते ८ आठवड्यांची असताना रक्तमिश्रित हगवण दिसली तर लसूण-ताक करत दिवस घालवू नये. ही रक्ती हगवण ओल्या बिछान्यातून पसरणाऱ्या परजीवीमुळे होते. पशुवैद्यकाने दिलेले औषध पाण्यातून लगेच दिले तर पिल्ले वाचतात. उशीर झाला तर दोन-तीन दिवसांत अख्खी वीण जाऊ शकते.

सर्वांत भयंकर म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, धाप, लुळे पडलेले पंख किंवा पाय, पिळवटलेली मान. लस न दिलेल्या परसातल्या कोंबड्यांत 'मर' आली असे म्हणतात, तेव्हा बहुधा हाच रोग असतो. यावर जगात कुठेही औषध नाही. गावोगाव आले-मिरी-हळदीच्या गोळ्या देतात. चार वाचल्या तर त्या गोळीमुळे वाचल्या असे वाटते. त्यापेक्षा वाईट म्हणजे मर दिसताच उरलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात विकण्याची घाई. त्यातून रोग पुढच्या दहा गावांत पोचतो.

माणसांच्या उरलेल्या प्रतिजैविकांची अर्धी गोळी भरडून देणेही थांबायला हवे. विषाणूवर ती चालत नाही आणि तिचा अंश अंड्यांत उतरतो. ती अंडी घरातली मुलेच खातात. पशुवैद्यकाने औषध दिले तरी किती दिवस अंडी खाऊ नयेत, हे त्यांना विचारून घ्यावे.

एकाच दिवशी अनेक कोंबड्या अचानक मेल्या, तुरे आणि पाय काळेनिळे पडले, तर उघड्या हाताने शवाला स्पर्श करू नये. ती कापू नये, नदी-नाल्यात टाकू नये. देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच आढळला होता. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. तपासणीनंतर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरण्याबद्दल तेच सांगतात.

मानमोडीची लस स्वस्त असते. पहिली मात्रा पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, आणि नंतरची साधारण आठव्या आठवड्यात टोचून देतात. अडचण किमतीची नसून कुपीची आहे. एका कुपीत १०० किंवा अधिक मात्रा असतात, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? म्हणून आळीतल्या पाच-सात घरांनी एकच दिवस ठरवावा. आदल्या रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवाव्यात, म्हणजे सकाळी पकडापकडी होत नाही, आणि आधीच मलूल दिसणारी कोंबडी त्या दिवशी वगळावी.